अंगठ्याचे तीस टक्के

कायद्याच्या पुस्तकात एक तक्ता आहे. तो वाचताना नजर आपोआप स्वतःच्या हाताकडे जाते. अंगठा गेला तर ३०. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. तर्जनीचं नुसतं टोक छाटलं गेलं आणि हाड शाबूत राहिलं, तर ५. हे टक्के आहेत: तो अवयव गेल्यावर माणसाची कमावण्याची ताकद किती घटली असं कायदा धरतो, त्याचे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची ही पहिली अनुसूची. परांचीवरून कोसळलेल्या गवंड्याचा किंवा सळई कापणाऱ्या मशीनमध्ये बोटं गेलेल्या फिटरचा दावा याच तक्त्यापाशी सुरू होतो.

आता जरा बेरीज करून बघा. एकेका बोटाचे आकडे मिळवले तर चार बोटांचे ४० होतात. तक्ता मात्र म्हणतो, एका हाताची चारही गेली तर ५०. मग त्यात अंगठ्याचे ३० घातले की ८० व्हायला हवेत. तिथे तक्ता म्हणतो ६०, आणि अख्खा पंजा गेला तरी ६०च!

गणित चुकलेलं नाही, ते हाताचं गणित आहे. करंगळी एकटी गेली तर बाकीची बोटं तिचं काम ओढून नेतात. चारही गेली की अंगठ्याला पकडायला जोडीदारच उरत नाही, म्हणून चाळिसाचे पन्नास. आणि पंजा गेला तरी वरचा हात टेकू द्यायला, दाबून धरायला उरतो. हात जसजसा आणखी वरून तुटेल तसतसे आकडे ७०, ८० असे चढतात आणि खांद्याच्या सांध्यापाशी ९० वर पोचतात.

अवयवांचा असा हिशेब मांडणं नवं नाही. इंग्लंडातल्या केंटच्या एथेलबर्ट राजाने इसवी सन ६०० च्या सुमारास केलेल्या कायद्यात अंगठ्याला २० शिलिंग आहेत, अंगठ्याच्या नखाला ३. मधल्या बोटाला फक्त ४ आणि करंगळीला ११! पण तिथे पैसे द्यायचे ते ज्याने घाव घातला त्याने. कारखान्यांचं युग आलं आणि हीच कडी निसटली. पट्ट्यात हात सापडला, तर घाव कोणी घातला? मालक म्हणणार, मी तर तिथे नव्हतोच. १८३७ पासून इंग्लंडातली न्यायालयं म्हणू लागली की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. चूक सिद्ध करता करता जखमी माणूस हरायचा.

मग जर्मनीने १८८४ मध्ये आणि ब्रिटनने १८९७ मध्ये प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे विचारणं बाजूला ठेवलं. इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली का, एवढंच विचारायचं ठरलं. आपला १९२३ चा कायदा त्याच वळणाचा. कामगार बेसावध होता, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. तो दारूच्या अमलाखाली होता किंवा सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला, असा बचाव मालकाला घेता येतो. पण मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल, तर तोही चालत नाही.

आता टक्क्यांचे रुपये कसे होतात ते पाहू. महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे आणि त्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. हे गुणक दुसऱ्या एका तक्त्यात असतात: सोळाव्या वर्षी २२८.५४, पंचविसाव्या वर्षी २१६.९१, पन्नासाव्या वर्षी १५३.०९, पासष्टीनंतर ९९.३७. पुढे दरमहा येऊ शकले असते असे पैसे आज एकरकमी द्यायचे, तर किती महिन्यांचे धरायचे, याचं हे उत्तर. मात्र २०२० पासून हिशेबासाठी मजुरी कमाल १५,००० रुपयेच धरली जाते. ओव्हरटाइम करून कोणी महिन्याला बावीस हजार कमावत असला तरी. म्हणजे पंधरा हजारांचे ६० टक्के ९,०००. पंचविशीतल्या माणसासाठी गुणिले २१६.९१, म्हणजे १९,५२,१९० रुपये. ही कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ५,८५,६५७. हाच अंगठा पन्नाशीतल्या माणसाचा असेल तर ४,१३,३४३. औषधोपचाराचा खर्च याशिवाय.

इथवर सगळं तक्त्यांचं राज्य. पण तक्त्याला एक गोष्ट कळत नाही: हात कोणाचा?

६ जुलै १९६८ रोजी एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं, हे आंशिक अपंगत्व आहे. तक्त्यात बघा आणि तेवढेच टक्के द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७५ च्या डिसेंबरात चार न्यायमूर्तींच्या पीठाने भरपाई आयुक्तांचंच म्हणणं उचलून धरलं: सुतार एका हाताने सुतारकी करू शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के. एका हाताने रंधा कसा मारणार? पटाशी धरणार कोण आणि ठोकणार कोण? एका वाक्यात मोजमाप शरीरावरून धंद्यावर आलं. हिशेबनीस आणि गवंडी यांचे हात तक्त्यात सारखेच. आयुक्तांसमोर सारखे राहतीलच असं नाही. त्याच निकालाने आणखी एक गाठ सोडवली. भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर आज १२ टक्के व्याज लागतं, आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

परगावहून आलेल्या मजुराची अडचण या सगळ्याच्या आधी सुरू होते. मुंबई-पुण्याच्या साइटवर बिहार, झारखंड, बंगाल, ओडिशातून आणि आपल्या मराठवाड्यातून माणसं येतात. मुकादमाने आणलं, मुकादमाने हजेरी मांडली, आठवड्याची खर्ची त्यानेच दिली. मग मालक कोण? अपघातानंतर मुकादमाचा फोन बंद. कायद्याने हे आधीच हेरून ठेवलं आहे. ज्याने आपल्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, त्या मूळ मालकाकडेच मजुराला भरपाई मागता येते. ती त्याने द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची.

दुसरी सोय १९९५ च्या दुरुस्तीने आली, आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावायला हवा असं नाही. जखमी माणूस जिथे राहतो तिथेही लावता येतो. पाय प्लास्टरमध्ये घालून गावी परतलेल्या माणसाला प्रत्येक तारखेला दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करून पुण्याला यावं लागत नाही. माणूस कामामागे गेला. कायदा माणसामागे त्याच्या गावी जातो.

तरी पुरावा लागतोच: आपण त्या साइटवर होतो याचा. हजेरी कार्ड, गेटपास, मोबाइलवर मजुरी जमा झाल्याचा मेसेज, दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं इजेचं कारण, सोबत काम करणाऱ्यांची साक्ष. ‘घरी पडला’ अशी नोंद झाली की पुढची सगळी वाट चढाची. दाव्याची मुदतही साधारण दोन वर्षांची.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा जुना कायदा तिच्यात विलीन झाला. पण हिशेबाची रीत तीच राहिली: मजुरीचे साठ टक्के, वयाचा गुणक, अवयवांचे टक्के.

शेवटी पुन्हा अंगठाच. जखमी मजुराच्या उशाशी ठेकेदाराचा माणूस थोडे पैसे आणि एक कागद घेऊन येतो. ‘माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली अंगठा उमटवायला जागा. तो उमटतोही, कारण घरी पैसे पाठवायचे असतात. १९२३ च्या कायद्याने असा कागद पहिल्यापासून रद्दबातल ठरवला आहे: भरपाईचा हक्क सोडून देणारा करार करताच येत नाही. ज्या अंगठ्याचे तीस टक्के कायद्याने मोजून ठेवले, त्याच अंगठ्याच्या शाईला त्याने इथे शून्य किंमत दिली. ठेकेदाराने अंगठा दाखवला तरी मजुराचा हक्क शाबूत राहतो, तो या शून्यामुळे.