क्रूझवर मळमळतं ते थरथरीमुळे नाही

मुंबई-गोवा क्रूझला व्ह्यू छान म्हणून मी सगळ्यात वरची, पुढच्या टोकाची केबिन घेतली. आईला रात्रभर उलट्या. ती म्हणाली, "इंजिनाच्या थरथरीनं झालं." तसं नाहीये. थरथरीनं झोप मोडते, पण पोट ढवळतं ते संथ हेलकाव्यानं. साधारण ५ सेकंदांत एकदा वर-खाली, हा सगळ्यात वाईट. कानाच्या आतला द्रव सांगतो 'हलतोय', डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसते. मेंदूचा गोंधळ! (मोबाइल बघत बसलात तर आणखीच.) जहाज सी-सॉसारखं डोलतं, टोकं जास्त हलतात, म्हणून मधली, खालच्या डेकवरची केबिन घ्या. मळमळलं की बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा. गोळी डॉक्टरांना विचारून, जहाज सुटायच्या आधी. मी आईला उलट्या सुरू झाल्यावर दिली, तीही बाहेर पडली.