धरणाचे पाणी हिरवे का होते?

कामरगाव (जि. वाशिम) : उन्हाळा वाढला, की धरणाच्या पाण्यावर हिरवा तवंग पसरतो आणि उग्र वास येऊ लागतो. ‘शेवाळ साचले’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. कामरगाव ज्या कारंजा तालुक्यात आहे, त्या तालुक्याचे मुख्य शहर अडाण धरणाचे पाणी पिते. त्यामुळे या रंगामागील कारणे येथेही समजून घ्यायला हवीत.

वाहती नदी शैवालाला स्थिरावू देत नाही. धरणात मात्र प्रवाह मंदावतो, गाळ खाली बसतो आणि निवळलेल्या पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. तापलेला वरचा थर खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. तळाचा प्राणवायू संपला, की गाळातील स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते. सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेली खते त्यात नत्र व स्फुरदाची भर घालतात. अशा उबदार, संथ पाण्यात नील-हरित शैवाल फोफावते. वास्तविक ते प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू होत. त्यांतील ‘मायक्रोसिस्टिस’ पेशींतील वायूच्या पोकळ्यांमुळे वर तरंगतो आणि इतर शैवालांचा प्रकाश अडवतो.

उजनीचा धडा

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. मुळा-मुठा, पवना व इंद्रायणीतून वाहणारे पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेवाटे या जलाशयात येते. सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. पाणी घटते, तसे प्रदूषण दाट होते. उजनीच्या हिरव्या पाण्याची तक्रार त्यामुळेच वारंवार होते.

उकळणे पुरेसे नाही

ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये प्रवाह आटलेल्या डार्लिंग नदीत सुमारे १,००० किलोमीटरपर्यंत हे शैवाल पसरले होते. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये जलाशयाचे दूषित पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष उकळल्याने नष्ट होत नाही. मोरचूद टाकल्यास पेशी फुटून उलट ते पाण्यात मिसळते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला एक मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे.

म्हणूनच तवंग दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा वरच्या भागातील सांडपाणी शुद्ध करणे, खते मोजून देणे आणि नदीकाठी गवत-झाडांचा पट्टा राखणे हाच खरा उपाय आहे. नदी अडवली, की तिच्यात सोडलेली घाणही अडते.