ग्रहयोगाची एक निराळी कथा

फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रहीची आठवण अनेक घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना अद्याप असेल. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञयाग झाले, कित्येकांनी देव पाण्यात घातले. प्रलय मात्र झाला नाही. त्याच सुमारास, १९६१ पासून, कॅलिफोर्नियात मायकेल मिनोविच हा विद्यार्थी ग्रहांपासून वेग कसा मिळवावा, याचे गणित मांडीत होता.

स्थिर भिंतीवर टाकलेला चेंडू फार तर आला त्याच वेगाने परततो; समोरून येणाऱ्या बॅटीवर तो आदळला, तर अधिक वेगाने उसळतो. यान ग्रहावर आदळत नाही. परंतु ग्रहाच्या पिछाडीने जाताना गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा मार्ग वळतो आणि सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर धावणाऱ्या गुरूच्या गतीचा अंश त्याच्या पदरी पडतो. इंधन लागत नाही.

१९६५ मध्ये गॅरी फ्लँड्रो यांना आढळले की, १९७० नंतरच्या दशकाअखेरीस गुरू, शनी, युरेनस व नेपच्यून अशा स्थितीत येतील की, एकाने वळविलेले यान थेट दुसऱ्याकडे जाईल. नेपच्यूनचा सुमारे तीस वर्षांचा प्रवास बारा वर्षांत होणार होता. हा योग सुमारे १७५ वर्षांनी येतो; तो चुकला असता, तर आपल्या नातवंडांनाही लाभला नसता.

१९७७ मध्ये २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघाले. खरी कसोटी शनीपाशी होती. त्याचा दाट वातावरणाचा उपग्रह टायटन जवळून पाहायचा, तर यान ग्रहांच्या प्रतलाबाहेर फेकले जाऊन पुढील ग्रहांना मुकणार होते. हा त्याग व्हॉयेजर-१ च्या वाट्यास आला. ते अपयशी ठरते, तर व्हॉयेजर-२ लाही टायटनकडे वळवून युरेनस व नेपच्यूनवर पाणी सोडावे लागले असते. १२ नोव्हेंबर १९८० रोजी पहिल्याने आपले काम पार पाडले आणि दुसऱ्याची वाट मोकळी झाली. ते १९८६ मध्ये युरेनसपाशी व १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोहोचले. आजवर दुसरे एकही यान तेथे गेलेले नाही.

दोन्ही यानांवरील ध्वनिमुद्रिकेत मराठीतील अभिवादन आहे आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. दुसरे उड्डाण झाल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र सूर्यमालेच्या ग्रहांना मागे टाकून अजून पुढेच चालला आहे. ग्रहांचे भय बाळगण्यापेक्षा त्यांचे गणित जाणणे किती फलदायी, हे आम्ही निराळे काय सांगावे?