गोधडीची साधने : किंमत आणि मोल

वाशीम जिल्ह्यात शेतीची कामे आटोपली की जुनी लुगडी, धोतरे निघतात आणि धावदोऱ्याने गोधडी आकार घेते. बाजारात मिळणारे मुठीत मावणारे शिलाईयंत्र स्वस्त असले, तरी या कामी निराश करते. पायाच्या यंत्रात वरचा व बॉबिनचा असे दोन दोरे गुंततात. येथे एकाच दोऱ्याची साखळी पडते. टोक सुटले की शिवण उसवते, जाड थरांत सुईही अडते. याउलट धातूचे अंगुस्ताण अल्प किमतीत बोट राखते. धारदार कात्री व लांब, मजबूत सुई वर्षानुवर्षे साथ देतात.

व्यापारी घराण्यांना किंमत आणि मोल यांतील भेद शिकवावा लागत नाही. फसव्या यंत्रावरील खर्च गोधडी शिवणाऱ्या भगिनीच्या मजुरीत पडला, तर घराला ऊब मिळेल आणि तिच्या हातची विद्याही टिकेल.