श्रीलंकेच्या पंगतीत

श्रीलंकेच्या सहलीला निघणाऱ्या आपल्या मंडळींची निम्मी बॅग चिवडा, शंकरपाळे आणि ठेच्याच्या डब्यांनी भरलेली असते. पथ्यपाणी असणाऱ्यांनी आपले खाणे जरूर न्यावे. पण पै-पै साठवून अनुराधपूर-कँडीला जायचे आणि आठ दिवस घरचेच खायचे, हे मला पटत नाही. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. तो देश आपल्याला परका नाही, आणि तिथले जेवणही नाही.

शब्दच पाहा ना! सिंहलीत भाताला ‘बत्’ म्हणतात आणि दुधाला ‘किरी’, म्हणजे आपला क्षीर. नारळाच्या दुधात तांदूळ मऊ शिजवून, थापून, शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापतात, तो ‘किरिबत्’. नववर्षाला आणि शुभकार्याला तो घरोघरी होतो. सोबत कांदा-मिरचीची झणझणीत चटणी, ‘लुणु मिरिस’. लुणु म्हणजे लवण. आपल्या ठेच्याची ती सख्खी बहीणच!

सकाळी ‘इंदि आप्प’ मिळतात. आमच्यातले रत्नागिरीचे दादा पहिल्याच घासाला म्हणाले, “अरे, ह्या तर आमच्या शिरवळ्या!” कोवळ्या फणसाची रस्सेदार भाजी आणि चिंचेसारख्या आंबट गोरक्यात शिजवलेले मासेही कोकणी माणसाला ओळखीचे वाटतील. म्हशीच्या दुधाचे मातीच्या भांड्यातले दही भेरली माडाच्या पाकाबरोबर खातात. मधुमेह असणाऱ्यांनी तो पाक बेताने घ्यावा.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. खोबऱ्याच्या लाल चटणीत, कधी भाजीतही, सुक्या माशाचा चुरा असतो. आधी विचारून घ्यावे. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलेच प्यावे. नाहीतर केशरी शहाळे आहेच.

आम्ही २०२४ च्या वैशाखात गेलो होतो. वैशाख पौर्णिमेच्या दिवसांत तिथे रस्त्यारस्त्यावर ‘दन्सल’ लागतात. गावकरी, दुकानदार, कामगार वर्गणी काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला भात, सरबत, कुठे चहा-बिस्किटे वाढतात. आमची बस अशाच एका मांडवापाशी थांबली. सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी आमच्याबरोबर होत्या. त्यांनी वाटाड्याला विचारले, “बाबा, पैसे किती?” पैसे नाहीत म्हटल्यावर त्या रांगेतून बाहेर पडल्या.

“माज्या आयनं येसकरपाळीला दारोदार भाकर मागितली. मी फुकटच्याला हात लावायची न्हाय.”

आम्ही सगळे गप्प झालो. त्यांना समजवायचा अधिकार आमच्यापैकी कोणाला होता? मावशी झाडाखाली उभ्या राहून रांग बघत राहिल्या. रांगेत मोटारीतून उतरलेले साहेब होते, रिक्षावाले होते, गणवेशातला एक पोलीस होता. वाढणारी मुले प्रत्येकाला दोन्ही हातांनी ताट देत होती. उरलेसुरले कोणाच्या ताटात पडत नव्हते, एकाच पातेल्यातले सगळ्यांना. जात विचारणे दूरच, आम्ही कुठल्या देशाचे हेही कोणी विचारले नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी मावशी आपणहून रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. भात, वरण आणि फणसाची भाजी त्यांनी मांडी घालून, सावकाश खाल्ली. वाढणाऱ्या पोराला मराठी येत नव्हते, मावशींना सिंहली. पण त्यांनी ताट पुढे करून “भात” म्हटले, तेव्हा त्याला बरोबर कळले.