जपानच्या बाहुल्या आणि आपली लेकरे

शाळा उघडायच्या दिवसांत वाशीमच्या बाजारात दप्तर घ्यायला जावे, तर लेकरांचे बोट हमखास निळ्या डोरेमॉनकडे नाही तर लाल फितीच्या पांढऱ्या मांजरीकडे जाते. घरी आणले की आजी विचारते, "हे कोणतं ध्यान आणलं गं माय?" आजीला उत्तर द्यायला हवे, म्हणून आम्ही हा लेख लिहायला घेतला.

मांजरीचे नाव 'हॅलो किटी'. सॅनरिओ या जपानी कंपनीसाठी युको शिमिझू या चित्रकर्तीने १९७४ साली ती काढली. तिला तोंडच नाही. त्यामुळे लेकरू हसत असेल तर तीही हसते आहे असे वाटते, रडत असेल तर तीही उदास दिसते. पाहताच जवळ घ्यावेसे वाटणाऱ्या अशा गोड रूपाला जपानी लोक 'कावाई' म्हणतात.

तिथे बाहुली फक्त लेकरांची नसते. टोकियोच्या पोलिसांचेसुद्धा १९८७ पासून 'पिपो-कुन' नावाचे बाहुले आहे. कुमामोतो प्रांताने २०१० साली लाल गालांचे काळे अस्वल पुढे आणले, ते 'कुमामोन'. आपल्या भागाचा माल खपावा म्हणून तिथल्या सरकारने त्याचे चित्र वापरायची परवानगी स्थानिक उत्पादकांना फुकट दिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथे मोठा भूकंप झाला. पुढच्याच महिन्यात कुमामोन बेघर झालेल्या लेकरांना भेटायला गेला. सोयाबीन-तूर पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यानेही यावर विचार करण्यासारखा आहे.

पण बाहुली कशाची करावी, याला काही मर्यादा आहे की नाही? हा वाद जपानातच झाला. नारा ही इ.स. ७१० मधली राजधानी. २०१० साली तिच्या तेराशे वर्षांचा उत्सव व्हायचा होता. त्यासाठी २००८ मध्ये 'सेंतो-कुन' हे बाहुले जाहीर झाले. बुद्धरूपाची आठवण देणारे बालक आणि त्याच्या डोक्यावर नाऱ्याच्या हरणांची शिंगे! तथागतांचा हा अवमान आहे, असे अनेकांनी म्हटले. तिथल्या विहारांतल्या तरुण भिक्खूंनी विरोध केला, पण मोडतोड केली नाही. त्यांनी 'नामु-कुन' नावाचे स्वतःचे बाहुले पुढे आणले. पुढे सेंतो-कुनही लोकांच्या आवडीचा झाला, हे खरे.

हा प्रश्न आपल्याही घरातला आहे. आपल्याकडे तथागतांचे चित्र घड्याळावर, किल्लीच्या साखळीवर, अंगातल्या शर्टावर असते. मग प्रेम कुठे संपते आणि हेळसांड कुठे सुरू होते?

उत्तरासाठी जपानला जायची गरज नाही. आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले. तिथल्याच दुसऱ्या लेण्यात हारितीच्या पायाशी खेळणारी आणि छडीवाल्या मास्तरांपुढे बसलेली लेकरे कोरली आहेत. पलीकडच्या बाजूला ढेरपोटे यक्ष आहेत, पाहून लेकरे खुदकन हसतील असे. मधल्या गाभाऱ्यात मात्र तथागत शांत बसले आहेत. खेळाला जागा आहे, आदरालाही जागा आहे. दोन्ही एकाच छताखाली आहेत, पण एकमेकांत मिसळलेल्या नाहीत. आम्हाला ही रीत पटते.

जपानची एक बाहुली मात्र आपण घरी करावीच, ती 'दारुमा'. भारतातून चीनला गेलेले भिक्खू बोधिधर्म यांच्यावरून ती झाली. कागदी लगद्याची, लाल, गोल, बुड जड. कितीही ढकला, पुन्हा उभी राहते. सात वेळा पडा, आठ वेळा उठा, असे जपानी लोक म्हणतात. तिला डोळे काढलेले नसतात. निश्चय केला की एक डोळा काढायचा आणि काम तडीस गेले की दुसरा. तिला नशीब उघडणारी मानणारे तिकडेही आहेत. ते आपण घेऊ नये. बाहुली कुणाला पास करत नाही.

घरात दहावीचे लेकरू असेल तर रद्दी भिजवा, लगदा करा आणि त्याच्या हातून पहिला डोळा काढून घ्या. दुसरा डोळा त्याच्या अभ्यासाने उघडेल.