ब्रोकरकाका, २४ हजार नक्की कशाचे?

‘भाडं २४, डिपॉझिट ६०, ब्रोकरेज एक महिना.’ जूनमध्ये पुण्यात फ्लॅट शोधत फिरलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. मागच्या वर्षी हॉस्टेल सोडावं लागलं आणि आम्ही तिघी कोथरूडमध्ये टू बीएचके शोधायला निघालो. भाड्याचं काही वाटलं नाही, राहायचं तर ते द्यायचंच. डिपॉझिट परत मिळणार होतं. पण ब्रोकरेजचे २४ हजार? कुलूप उघडून घर दाखवायचे?

‘आपलं आपण शोधू,’ असं ठरवलं. फेसबुक ग्रुप पालथे घातले, सोसायट्यांच्या वॉचमनकाकांकडे चौकशी केली. ‘नो ब्रोकरेज’ लिहिलेल्या जाहिरातींवर फोन केले, तर पलीकडे बऱ्याचदा ब्रोकरच! खरे मालक भेटले त्यांचा पहिला प्रश्न, ‘फॅमिली आहे का?’ आणि नाही म्हटलं की, ‘बॅचलर्सना देत नाही हो आम्ही.’ बारा दिवस गेले. एक मैत्रीण चिंचवडला मावशीकडे राहून रोज ये-जा करत होती, माझी बॅग क्लासमेटच्या पलंगाखाली होती.

शेवटी एका ब्रोकरकाकांना फोन केला. त्यांनी एका संध्याकाळी चार फ्लॅट दाखवले. तिसरा आवडला, पण मालकीणकाकूंचं तेच, ‘बॅचलर्स नकोत.’ काका म्हणाले, ‘ताई, चांगल्या घरच्या मुली आहेत, मी ओळखतो ना.’ आम्हाला ते दोन तासांपासून ओळखत होते! पण काकू त्यांना दहा वर्षांपासून ओळखत होत्या. त्या ‘हो’ म्हणाल्या.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घर तर आम्हीही शोधू शकलो असतो, मालकाचा होकार आम्हाला मिळत नव्हता. तो काकांकडे होता आणि २४ हजार त्याचे होते. तिघींत वाटले तर प्रत्येकी ८ हजार, अकरा महिन्यांवर पसरले तर महिन्याला सव्वासातशेच्या आसपास. डोक्यावर छप्पर नसताना हा हिशोब मला पटला.

न पटणारा भाग पुढे आला. करार रजिस्टर करूया म्हटलं, तर काका म्हणाले, ‘कशाला? नोटरी करू, स्वस्तात होतं.’ इथे माझ्या एका क्लासमेटचा किस्सा आठवला. त्यानेही पूर्ण महिन्याचं ब्रोकरेज भरलं होतं आणि नोटरीवर काम भागवलं होतं. फ्लॅट सोडताना मालकाने ‘पेंटिंग’च्या नावाखाली डिपॉझिटमधून १५ हजार कापले. ब्रोकरला फोन केला तर उत्तर आलं, ‘ते तुमचं आणि मालकाचं, मी त्यात पडत नाही.’

म्हणून आम्ही अडून बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे काकूंना सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, ‘मग रजिस्टरच करा.’ खर्च किती? आमच्या करारावर मुद्रांक शुल्क साधारण पावणेसातशे आणि शहरी भागातली नोंदणी फी १ हजार. घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी वेगळी. ब्रोकरेजच्या मानाने किरकोळ!

‘पण ब्रोकरवर रेरा असतो ना?’ असं बरेच जण म्हणतात. २०१६ च्या रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांमधल्या विक्रीसाठी आहे. आपल्या भाड्याच्या फ्लॅटला तिचा उपयोग नाही. एक महिन्याचं ब्रोकरेज हा बाजाराचा रिवाज आहे, त्यामुळे बोलून बघायला लाजू नका.

अकरा महिन्यांनी काकांचा पुन्हा फोन आला. ‘रिन्यूअलचं अर्धा महिना द्यावं लागेल.’ या वेळी कशाचे? घर तेच, काकू त्याच, होकार तर आम्हीच वेळेवर भाडं देऊन मिळवलेला. थेट काकूंशी बोललो. काका पैसे मागतायत हे त्यांना माहीतच नव्हतं. ते १२ हजार वाचले.

म्हणजे ब्रोकरेज वाया जातं का? पहिल्या वर्षी नाही गेलं, दुसऱ्या वर्षी गेलं असतं. फरक एवढाच, की पहिल्यांदा काकांनी काम केलं होतं. त्यामुळे पैसे देण्याआधी विचारून घ्या आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. करार रजिस्टर होणार का? रिन्यूअलला पुन्हा पैसे लागणार का? डिपॉझिटमधून काय कापणार, हे करारात लिहिणार का? आणि घर ठरण्याआधी ‘व्हिजिट चार्ज’ मागणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

या जूनमध्ये दोन ज्युनिअर्सनी माझ्याकडे ब्रोकरचा नंबर मागितला. मी काकांचाच दिला. सोबत हे प्रश्नही पाठवले.